एकशे त्रेचाळीस पतंगे

वारंगटाकळीच्या मारोती पतंगे यांना दोन मुली. थोरली सातवीत, धाकटी चौथीत. पण शासनाच्या लेखी त्यांना एकशे पंचेचाळीस अपत्यं होती, आणि त्यांपैकी एकशे त्रेचाळीस एकाच आठवड्यात झालेली होती. याबद्दल कुणी त्यांचं अभिनंदन केलं नाही की चौकशी केली नाही. संगणकानं आकडा चौकटीत बसतोय एवढं पाहिलं आणि तो पुढं गेला.

पतंगेभाऊंचं बसस्टँडसमोर ‘पतंगे ऑनलाइन अँड झेरॉक्स’ नावाचं दुकान. पुढं दोन संगणक, मागं पडदा, पडद्यामागं घर. तालुक्यात कुणालाही सरकारी नोकरीचा अर्ज भरायचा तर हाच उंबरठा. २०३६ सालच्या महाभरतीची मुदत संपायला एक दिवस उरला असताना या उंबरठ्यावर उर्मिला कऱ्हाळे बावन्नाव्या नंबरावर उभी होती. वय सदतीस वर्षं अकरा महिने. अडतिसाव्या वाढदिवसाला केक कापत नाहीत, परतीचे दोर कापतात, असं अभ्यासिकेतली पोरं म्हणायची.

उर्मिला तशी तिखट. एकदा बघायला आलेल्या मंडळींना तिनं पोहे आणि चहा यांच्या मधल्या वेळात नकार दिला होता, आणि वर “चहा घेऊनच जा, त्याचा काय दोष?” असंही सांगितलं होतं. तिचे वडील आबा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, तेव्हा आतल्या खोलीत तोंडात टॉवेल कोंबून हसले होते. ठरवायला तिला वेळ लागत नसे. एवढी एक नोकरी मात्र पंधरा वर्षं तिला लागत नव्हती.

“भाऊ, मोबाइल नंबर माझाच टाका बरं का,” नंबर आल्यावर ती म्हणाली.

पतंगेभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. छताकडं पाहिलं. तोंडातली बडीशेप डाव्या गालातून उजव्या गालात नेली. मग म्हणाले, “बघू.”

“बघू काय? टाका की!”

“साइट झोपलीय. उठली की बघू.”

तेवढ्यात पडद्यामागून हाक आली, “अहो! त्या ताईची सावरखेड्याची गाडी चुकल ना! तिचं करा की आधी!”

ती द्वारकावहिनींची हाक. पतंगेभाऊ हातातला अर्धा चहा तसाच खाली ठेवून ताठ झाले आणि त्यांची बोटं कळफलकावर धावू लागली. फोटो चढला, सही चढली, दाखले चढले. पावतीवर त्यांनी स्वतःची सही ठोकली. सहीच्या शेवटी पतंगाला असतं तसं लांबलचक वळणाचं शेपूट होतं. उर्मिलेला गाडी मिळाली.

नंबर मात्र त्यांनी आपलाच टाकला होता. त्यात लबाडी काही नव्हती. अर्ज शेवटच्या पायरीला आला की ओटीपी यायचा आणि तीन मिनिटांत शिळा व्हायचा. तोवर उमेदवार गाडीत, गाडी घाटात, घाटात रेंज नाही. म्हणून गेली बारा वर्षं पतंगेभाऊ सगळ्यांच्या अर्जात स्वतःचा नंबर टाकून मोकळे होत. या वर्षी नियम नवा होता: एका नंबरावर एकच उमेदवार, किंवा मग नंबर कुटुंबप्रमुखाचा हवा. पतंगेभाऊंनी ‘कुटुंबप्रमुख’ या चौकटीत बरोबरची खूण केली. एकशे त्रेचाळीस वेळा.

शेवटी स्वतःचाही अर्ज भरायला बसले, तेव्हा यंत्र म्हणालं, हा क्रमांक एका पालकाचा आहे, उमेदवाराचा नाही. त्यांनी छताकडं पाहिलं आणि द्वारकावहिनींचा नंबर टाकला.

*

त्या भरतीला परीक्षा नव्हती. परीक्षा म्हटली की पेपर फुटायचे, तोतये बसायचे, मग मोर्चे निघायचे. म्हणून शासनानं परीक्षाच काढून टाकली आणि ‘सेवाछबी’ आणली.

माणूस काय लिहितो यापेक्षा लिहिण्याआधी किती थांबतो यात त्याचा स्वभाव जास्त असतो, हे सेवाछबीचं मूळ तत्त्व. अर्जाच्या शेवटी ‘मला मान्य आहे’ अशी चौकट होती आणि त्या तीन शब्दांमागं एकोणसाठ पानं होती. ती मान्य केली की नोंदवलेल्या मोबाइलवरचं सात वर्षांचं सगळं यंत्राला मिळे: कुठल्या फोनला किती घंट्या वाजू दिल्या, कुठला मेसेज लिहून खोडला, रागात बोटं किती जोरात आपटली, कोण बोललं की आवाज बदलला, कुठं जायचं ठरवून गेलाच नाही. एवढ्या सामानातून यंत्र एक गणिती पुतळा घडवायचं. सुरुवातीला पुतळा वेंधळा. यंत्र त्याला विचारी, ‘या फोनला तू काय केलं असतंस?’ आणि खऱ्या माणसानं काय केलं होतं त्याच्याशी उत्तर ताडून पाही. चुकलं की पुतळ्याचा एखादा स्क्रू जरासा पिळी. असं कोट्यवधी वेळा पिळल्यावर पुतळा त्या माणसाआधीच त्या माणसाचं उत्तर देऊ लागे. ती झाली छबी.

मग छबीला एका कल्पित कचेरीत बसवत. फायली, रांगा, चिडलेले नागरिक, पुढाऱ्यांचे फोन, बदल्या, आणि शेवटी निरोप समारंभातलं शाल-श्रीफळ. तेहतीस वर्षांची नोकरी एकोणीस मिनिटांत उरके. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. इथं एकेक शीत तेहतीस वर्षं शिजवून पाहत होते.

पतंगेभाऊंच्या छबीनं कमाल केली. तेहतीस वर्षांत एक तक्रार नाही, एक चौकशी नाही, एक कोर्टकज्जा नाही. तिनं तेहतीस वर्षांत एकही निर्णय घेतला नाही, त्यामुळं तिचा एकही निर्णय चुकला नाही. शंभरपैकी सत्त्याण्णव पूर्णांक चार. एकशे त्रेचाळीस जणांना दशांश चिन्हासकट तेवढेच गुण पडले, तेव्हा यंत्र क्षणभर थबकलं म्हणतात. पण सगळी एकाच बापाची लेकरं म्हटल्यावर वळण सारखंच असणार, असा निष्कर्ष काढून त्यानं सगळ्यांना घेतलं.

पतंगेभाऊंचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला. कारणं दोन. एक, लहान कुटुंबाच्या अटीचा भंग: अपत्यं एकशे पंचेचाळीस. दोन, स्वतःहून निर्णय घेण्याची प्रवृत्ती अठ्ठ्याऐंशी टक्के, शासकीय सेवेस घातक.

“माझी?” पतंगेभाऊंनी बायकोला विचारलं. लग्नानंतर ते पहिल्यांदाच इतके दुखावले होते.

*

उर्मिला तहसील कचेरीत महसूल सहायक झाली. आबांनी सावरखेड्यात घरोघर पेढे वाटले आणि पेढा हातावर ठेवताना सवयीनं प्रत्येकाला “पुढं सरका” म्हणाले.

आदेशाच्या पाठीमागं एक अट होती. नेमणूक छबीची झाली आहे, तेव्हा माणसानं छबीप्रमाणं राहावं. नोकरी लागली की माणसं बदलतात, हा शासनाचा जुना अनुभव. म्हणून टेबलावर एक बारका कॅमेरा, कळफलकाखाली दाबमापक, आणि महिनाअखेर ‘जुळणी’. नव्वद टक्क्यांच्या खाली दोनदा गेलं, किंवा पन्नासच्या खाली एकदा, की सेवा समाप्त.

पहिल्या महिन्यात उर्मिलेची जुळणी एकतीस टक्के आली. चौदा दाखले एका सकाळी देऊन टाकले होते तिनं. यंत्रानं शेरा मारला: ‘उमेदवार स्वतःसारखी वागत नाही.’ पहिली चूक म्हणून माफी आणि सुधारायला आठ महिन्यांची मुदत मिळाली, आणि सोबत तिच्याच लकबींची यादी. उत्तर देण्यापूर्वी चष्मा कपाळावर घेणे. छताकडे पाहणे. बडीशेप.

“मला चष्माच नाही,” ती जेवणाच्या सुट्टीत म्हणाली.

शेजारी ज्ञानोबा गिराम बसला होता. अभ्यासिकेतला जुना दोस्त, आता सरकारी दवाखान्यात औषध भांडाराचा लिपिक. एके काळी जिल्ह्यात नाव काढलेला कबड्डीपटू. चढाईला गेला की कुणाला तरी हात लावल्याशिवाय परत येत नसे. त्याच्या हातातही तीच यादी होती. तो ती दोनदा वाचून म्हणाला, “उर्मिले, हे तर आपले पतंगेभाऊ.”

उर्मिलेनं दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली.

“कळवायचं का वर?” त्यानं विचारलं.

“कळवलं तर?”

“सगळ्यांची नेमणूक रद्द. एकशे त्रेचाळीस घरं. अन् तुझं वय?”

उर्मिलेचा अडतिसावा वाढदिवस होऊन सतरा दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता पतंगे ऑनलाइन अँड झेरॉक्ससमोर एकशे त्रेचाळीस सरकारी नोकर वह्या घेऊन बसले. पतंगेभाऊ आत बसून चहा पीत होते. ते नुसते पीत होते आणि बाहेर पेनं चालत होती. त्यांनी कान खाजवला. एकशे त्रेचाळीस जणांनी लिहिलं. ते लाजले, तेही लिहून घेतलं गेलं.

“अरे, कशाला आलात सगळे?” त्यांनी घाबरून विचारलं.

“तुम्ही चालू द्या भाऊ,” ज्ञानोबा म्हणाला. “आम्ही नाहीच असं समजा.”

उर्मिलेची वही नेटकी होती. ‘प्रश्न आला की आधी छत. मनात तीन मोजणे. बघू.’ ‘समोरच्यानं आवाज चढवला तर आपण खाली आणणे.’ ‘हो म्हणू नये. नाही म्हणू नये.’ ‘सही: शेपूट डावीकडून उजवीकडे, दोन वळणं.’ आणि त्याखाली, दोन वेळा अधोरेखित केलेलं: ‘आतून “अहो” ऐकू आलं की हातातलं ठेवून उठणे. सांगितलेलं करणे. कारण विचारू नये.’

आठ महिने ती रोज गेली. काच नसलेली चष्म्याची फ्रेम घेतली. जुळणी एकसष्ट झाली, मग एकोणऐंशी, मग त्र्याण्णव.

*

त्र्याण्णव टक्क्यांच्या महिन्यात आबांनी विचारलं, “उर्मे, दोडका करू का वांगं?”

उर्मिलेनं फ्रेम कपाळावर सरकवली आणि वर पाहिलं.

“छतावर लिहिलंय काय?” आबा हसले. “दोडका का वांगं?”

“बघू.”

“अगं माय, तू बघस्तोवर वांग्याला पिल्लं होतील! आधी माझी पोरगी डायवरला दम द्यायची, ‘थांबव गाडी’ म्हणून. आता कुणी आणून बसवलंय हे माझ्या घरात?”

तिला हसू आलं होतं. आत कुठंतरी आलं होतं. ते वर येईपर्यंत तीन मोजून झाले होते आणि मग त्याची गरज राहिली नाही. आबांनी दोडका केला. त्या दिवसापासून त्यांनी विचारणंच सोडलं.

तालुक्यात सगळं शांत झालं. तहसील, पंचायत समिती, दवाखाना, भूमी अभिलेख, कुठंही जा, कपाळावर चष्मा. दाखले मिळत नव्हते, पण नाकारलेही जात नव्हते, त्यामुळं तक्रार कशाची करायची हे लोकांना कळेना. वर्षअखेर तालुक्याच्या तक्रारींचा आकडा शून्य आला. राजधानीतून पाहणीला पथक आलं, भारावून परत गेलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वारंगटाकळी पॅटर्न’ म्हटलं. आपल्याकडं एखाद्या गोष्टीचा पॅटर्न झाला की ती थांबत नाही. पुढच्या भरतीत शासनानं उमेदवारांच्या छब्या काढायचा खर्च वाचवला आणि एकच सिद्ध छबी सगळ्यांना लावली. चाळीस हजार जागा भरल्या गेल्या. चाळीस हजार चष्म्यांची निविदा निघाली.

*

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आबा गोठ्यामागं कडब्याची पेंढी ओढायला गेले आणि पेंढीखालच्या घोणशीनं त्यांच्या उजव्या हाताला चावा घेतला. शेजारच्या जीपनं त्यांना वारंगटाकळीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. उर्मिला कचेरीतून पळत पोचली, तेव्हा हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा झाला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं.

“आलीस?” आबा म्हणाले. “सगळ्यांची तिकिटं फाडली जन्मभर. आज माझं फाटतंय बघ.”

“गप बसा आबा.”

डॉक्टर मुनीरा शेख, नुकतीच रुजू झालेली मुलगी, उर्मिलेला बाजूला घेऊन भराभर बोलली. “सापाच्या लसीच्या दोन कुप्या इथं होत्या, त्या दिल्या. कमीत कमी आठ लागतील अजून. भांडारात तीस आहेत. दार गिरामांच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. मी दोनदा जाऊन आले.”

“काय म्हणतो तो?”

“बघू म्हणतायत.”

“दार तोडा.”

“पोलादी आहे, ताई. दुसरीकडून लस मागवली तर दोन तास. यांच्याकडं दोन तास नाहीत.”

भांडार व्हरांड्याच्या टोकाला होतं. ज्ञानोबा टेबलाशी बसला होता. चष्मा कपाळावर, पुढं अर्धा चहा, शेजारी कॅमेऱ्याचा हिरवा दिवा.

“ज्ञानोबा, आबाला पान लागलंय, घोणस चावलीय. दार उघड.”

त्यानं छताकडं पाहिलं.

“माझा बाप आहे रे! तुझ्या फायनलला शिट्ट्या मारून मारून घसा बसवून घेतलेला माझा बाप! ऊठ!”

एक. दोन. तीन. “साहेबांचा मेल आला की बघू.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते गालावरून खाली येत होतं आणि त्याच गालात बडीशेप चावणं चालूच होतं. त्याचा उजवा हात टेबलाच्या कडेला धरलेला होता, चढाईला निघण्यापूर्वी धरावा तसा, आणि तो हात हलत नव्हता.

उर्मिलेनं त्याची कॉलर धरली. यापुढं काय करायचं ते ठरवायला हवं होतं. ठरवण्यासाठी तिनं मान वर केली आणि तिला छत दिसलं. पांढरं छत, कोपऱ्यात ओल. तिच्या मनात आकडे सुरू झाले. एक. किती बरं वाटतं इथं. दोन. तिचा बाप व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मरत होता आणि तिला, देवाशपथ, शांत वाटत होतं.

तीनच्या आधी तिला वहीतलं पान आठवलं. दोन रेघा मारलेलं.

तिनं कॉलर सोडली, टेबलामागं जाऊन ज्ञानोबाच्या पाठीशी उभी राहिली, आणि आठ महिने पडद्याबाहेर बसून ऐकलेला आवाज पोटातून काढला.

“अहो! त्यांचं द्या की आधी!”

ज्ञानोबानं चहाला हात लावला होता, तो काढला. उठला. अंगठा टेकवला. दार उघडलं. आठ म्हटल्यावर आठ कुप्या मोजून ट्रेमध्ये ठेवल्या. सगळं मिळून मिनिटही लागलं नाही. मग तो परत बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

ट्रे घेऊन पळताना उर्मिलेच्या लक्षात आलं, की हाक सुटली तेव्हा तिचाही डावा पाय आपोआप पुढं पडला होता. तिच्याच तोंडची हाक होती ती. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

*

आबा वाचले. करंगळी तेवढी कायमची वाकडी राहिली. “आता घंटीची दोरी ओढायला कुठं जायचंय,” असं ते म्हणाले.

महिनाअखेर जुळणी लागली. ज्ञानोबा गिराम नव्व्याण्णव टक्के. छबीनं तेच केलं असतं, सेकंदाचाही फरक नाही. उर्मिला कऱ्हाळे अडतीस. सेवा समाप्त.

ते पत्र तिनं आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चष्म्याची फ्रेम चुलीत घातली. त्या दिवशी आबांनी घाबरत घाबरतच विचारलं, “दोडका का वांगं?”

“वांगं,” उर्मिला म्हणाली. “अन् भरलेलं. अन् तुम्ही उठायचं नाही.”

आबांनी डोळे पुसले आणि कांद्यावर आळ घेतला. कांदा अजून चिरायचा होता.

माघात द्वारकावहिनी सावरखेड्याला आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी घेतलं, पण ते प्यायल्या नाहीत.

“ताई, तुम्ही दवाखान्यात माझा आवाज काढला म्हणं.”

“काढला, वहिनी. चुकलं असंल तर…”

“चुकलं नाही हो. बाप वाचला. पण ते यंत्रानं ऐकलं.” त्यांनी पिशवीतून एक पत्र काढलं. “हे वाचा. मला निम्मंच कळतंय.”

पत्र भाषेला गोड होतं. वारंगटाकळीच्या औषध भांडारात एका बाह्य स्त्री-ध्वनीमुळं काम सुरू होण्याचा वेळ एक्केचाळीस मिनिटांवरून दोन सेकंदांवर आला, असं निरीक्षणात आढळून आलं होतं. शोध घेता हा ध्वनी फेटाळलेल्या एका अर्जातील छबीशी जुळला. निर्णयक्षमता अठ्ठ्याऐंशी टक्के. सदर छबीची राज्यस्तरावर ‘मार्गदर्शक ध्वनी’ या पदावर निवड करण्यात येत आहे. येत्या एक तारखेपासून सर्व कार्यालयांत आणि गावोगावच्या खांबांवर तिची सेवा सुरू होईल. आपल्या प्रत्यक्ष उपस्थितीची आवश्यकता नाही.

“म्हणजे तुमचा आवाज त्यांच्याकडं गेला,” उर्मिला म्हणाली.

“आवाज गेला तर गेला. बोलणार काय अन् कोण?” द्वारकावहिनींनी आवाज खाली आणला. “परवा मी भांडी घासू लागले होते. तोंडातून शब्द काढला नाही, मुलींची शपथ. अन् हे चहा ठेवून उठले. चपला घातल्या. म्हणलं कुठं निघालात? तर वर छताकडं बघितलं. तालुक्याच्या कचेरीत चाचणी होती म्हणं त्या दिवशी, भोंग्यावर. ताई, मी सोळा वर्षं ‘अहो’ म्हणले या माणसाला. पण मी दळण आणा म्हणायचे, पोरीला शाळेत सोडा म्हणायचे. याच्या पलीकडं मी काय सांगितलंय कधी?”

 उर्मिलेनं वहिनींचा हात धरला. तो गार होता.

“माझं ऐकायचा, तेवढाच एक माणूस होता,” द्वारकावहिनी म्हणाल्या. “आता किती झालेत?”

“चाळीस हजार. मार्चात अजून दीड लाख घेतायत.”

*

एक तारखेला सकाळी दहा वाजता उर्मिला परातीत पीठ मळायला बसली होती. आबा वाकड्या करंगळीनं लसूण सोलत होते आणि शेजारच्या बोकडाचं नाव नायब तहसीलदार का ठेवावं याची कारणं सांगत होते. उर्मिला हसत होती. खरं हसू, तीन न मोजता आलेलं.

ग्रामपंचायतीच्या खांबावरच्या नव्या भोंग्यात आधी खरखर झाली.

“अहो!”

उर्मिला उभी होती. ती कधी उठली ते तिला आठवेना. हातातला तांब्या खाली ठेवलेला होता, पाणी न सांडता.

“उर्मे?” आबा म्हणाले. “तुला काढलंय की नोकरीवरून. बस.”

“बसते,” ती म्हणाली. पण बसली नाही. समोरच्या शाळेतले दोन गुरुजी वर्गाबाहेर येऊन उभे राहिले होते. तलाठी कचेरीच्या दारात तलाठी उभा होता. रस्त्यावर ग्रामसेवक सायकल सोडून उभा होता आणि सायकल आपली आपण दोन पावलं पुढं जाऊन पडली. सगळ्यांनी माना किंचित वर केल्या होत्या. पडद्यामागून येणारं पुढचं वाक्य ऐकायला करतात तशा.

भोंग्यातला आवाज द्वारकावहिनींचाच होता. प्रेमळ, घाईतला, कुणाची तरी गाडी चुकेल अशी काळजी असलेला.

“अहो, समोर आलेल्या कागदावर सही करा की आधी!”

कसला कागद, हे कुणी विचारलं नाही. तलाठी वळून आत गेला. गुरुजी वळून आत गेले. लांब कुठंतरी एकाच वेळी कितीतरी खण उघडल्याचा आवाज आल्यासारखं उर्मिलेला वाटलं.

“उर्मे, माझ्याकडं बघ,” आबांनी लसूण टाकून दिला आणि तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर होता. “बाळा, तुझ्यापुढं कागद नाहीये. पीठ आहे. दिसतंय का? पीठ.”

“दिसतंय, आबा,” ती म्हणाली. तिला खरंच दिसत होतं.

ती खाली वाकली. आबांनी धरलेला हात तसाच ठेवून तिनं दुसरा पुढं केला आणि कोरड्या पिठात बोटानं सावकाश सही केली. डावीकडून उजवीकडं, दोन वळणं. तिनं बोट उचललं तेव्हा आबांनी परातीत वाकून पाहिलं.

सहीला लांबलचक शेपूट होतं.